फोटोतला जबडा बसवायचा नसतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक बातमी होती. थ्रीडी प्रिंटरवर छापलेला जबडा रुग्णाला बसवला, असा मथळा आणि खाली फोटोत डॉक्टरांच्या हातात पांढराशुभ्र जबडा. बातमी चांगल्या हेतूनं दिलीय यात शंका नाही. पण फोटोत दिसतो तो जबडा कुणालाही बसवलेला नाही आणि बसवताही येणार नाही. ते मॉडेल आहे. ऑपरेशनच्या आधी हातात धरून बघायचं, त्यावर पेन्सिलीनं खुणा करायच्या, त्यावर हाडाला आधार देणारी धातूची पट्टी वाकवायची आणि काम झालं की बाजूला ठेवायचं. हे मी ठामपणे लिहितो, कारण तसलाच एक जबडा आत्ता माझ्यासमोर टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी पडलाय. तो माझ्या भाच्याचा आहे. भाच्याचा खरा जबडा त्याच्या तोंडात आहे, थोडा जन्माचा आणि थोडा पायातून आणलेला. ती हकिगत पुढे येईलच.

चूक एवढ्यासाठी दाखवतोय की बातमी आल्यापासून दोन माणसं माझ्याकडे येऊन गेली. त्यातल्या एकाच्या वडिलांचा खालचा जबडा अर्धा काढलाय, गुटख्यापायी. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. कुठल्या टपरीवर मिळत नाही ते मात्र विचारू नका.) तो मुलगा विचारत होता, "काका, तो प्लॅस्टिकचा जबडा केवढ्याला पडंल? तुमच्या ओळखीत कुणी छापतंय का?" त्याला खाली बसवून, चहा पाजून समजवावं लागलं. तो उठून गेला तेव्हा त्याचं तोंड जेवढं उतरलं होतं, तेवढी किंमत त्या मथळ्याची आहे.

छापलेला आणि खरोखर बसवायचा जबडा असतो, नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली ८३ वर्षांच्या एका बाईंना पूर्ण खालचा जबडा टायटॅनियमचा बसवला. टायटॅनियमच्या भुकटीवर लेसर फिरवून थरावर थर वितळवत तो केला होता, वजन १०७ ग्रॅम. पण ते काम वेगळं, मशीन वेगळं, खर्च वेगळा. आपल्या फोटोतला पांढरा जबडा बहुधा पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचा असावा. हे प्लॅस्टिक मक्यापासून किंवा उसापासून होतं. आमच्या सांगली जिल्ह्यात उसाचं काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात आता जबडाही धरायचा. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ऑपरेशनची हत्यारं ज्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना उकडतात, त्यात हा जबडा घातला तर उकडलेल्या रताळ्यासारखा बाहेर येईल. म्हणून तो थिएटरात नेलाच तर निर्जंतुक केलेल्या पारदर्शक पिशवीत बांधून नेतात, नुसता बघायला.

माझी ओळख द्यायला हवी. मी डेंटल मेकॅनिक. "मेकॅनिक" म्हटल्यावर लोक गाडीचं विचारतात, पण १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटिस्टच्या जोडीला आमचीही नोंद झाली. मिरजेत ३६ वर्षं कवळ्या, कॅप, क्लास्प, तोंडातल्या प्लेटा बनवल्या. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, आम्ही त्यात डेंटल स्टोन, म्हणजे साच्यासाठीचं कडक प्लॅस्टर, ओतायचो, मेणात दात लावायचो, फ्लास्कमध्ये अ‍ॅक्रिलिक शिजवायचो. पेशंटचं तोंड कधी बघायला मिळालं नाही. हजारो माणसांचे जबडे हातातून गेले, एकाचाही चेहरा ठाऊक नाही. बाजारात कधी कुणी हसला की मनात यायचं, हे पुढचे दोन आपलेच असावेत.

भाचा जयसिंगपूरचा, वय २९, टेम्पो चालवतो. डाव्या गालाखाली सूज होती. दुखत नव्हती म्हणून दीड वर्ष अंगावर काढली. अक्कलदाढ येतेय असं स्वतःच ठरवून टाकलं. दात हलायला लागले तेव्हा माझ्याकडे आला. मी बाहेरून बोट फिरवलं तर हाड अंड्याच्या कवचासारखं दबत होतं. मी डॉक्टर नव्हे, पण एवढं कळलं की हे दाढेचं काम नाही. तपासणीत अमेलोब्लास्टोमा निघाला. कॅन्सर नव्हे. दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ. सावकाश वाढते आणि आतून हाड खात जाते. नुसती खरवडून काढली तर पुन्हा येण्याची भीती, म्हणून भोवतीचं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर चांगलं हाडही घेऊन तुकडाच काढायचा. भाच्याच्या बाबतीत डाव्या बाजूचा जवळजवळ सगळा आडवा भाग आणि कोपरा जाणार होता, फक्त कानाजवळचा सांधा वाचणार होता.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथलं चांगलंही सांगायचंय आणि एक तक्रारही. ओरल सर्जन मॅडम म्हणाल्या, मॉडेल करून घेऊ. इथपासून मी कान टवकारले. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण जबड्याचं मॉडेल म्हटल्यावर हात शिवशिवायचे थांबतात होय?

पहिला घोटाळा सीटीत झाला. आमच्याकडच्या एका सेंटरवर आधीच सीटी काढलेला होता. त्याची फिल्म मोठ्या पाकिटात घालून, न चुरगाळता, पुण्याला नेली. मॅडमनी फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हे नको, डेटा द्या." सीडी दिली, तर त्यात पाच-पाच मिलिमीटरचे काप. सीटी म्हणजे काय, तर पावाच्या लादीसारखे डोक्याचे काप. पावाचे काप जाड असले की ते परत एकमेकांवर रचून मूळ पाव दिसत नाही, जिना दिसतो. जबड्याचं मॉडेल करायचं तर काप एक मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ लागतात. मशीननं पातळ काप काढलेलेही असतात, पण सेंटरवाल्यांनी जागा वाचवायला ते जपलेच नव्हते. परत सीटी, परत पैसे, परत अंगावर किरणं. तेव्हा आपल्या वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर सीटीच्या दिवशीच काउंटरवर सांगावं, पातळ कापांचा डेटा सीडीत हवा. फिल्म घरी जपून ठेवायला बरी.

पुढचं काम एका पंचविशीतल्या पोरानं केलं. इंजिनिअर, कानात गाणी. त्याच्या मागं खुर्ची ओढून मी अर्धा दिवस बसलो. त्याला वाटलं म्हातारा कंटाळून जाईल. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, हाड काहीशे ते हजाराच्या वर. हे मोजमाप ज्याच्या नावानं चालतं तो हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होता, म्हणजे आपल्या घरातल्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या तबकड्या ज्या कंपनीच्या, तिथला. पहिला पेशंट त्याच्या मशीनखाली गेला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनमध्ये. तर हा पोरगा त्या आकड्यांवर एक रेघ ओढतो: याच्या वरचं सगळं हाड, खालचं सगळं मांस, मांस पुसून टाका. रेघ जरा खाली ओढली तर हाडाला मांसाचे लोंबकळे चिकटून राहतात. जरा वर ओढली तर पातळ हाड गायब होतं आणि जिथं भोक नाही तिथं भोक दिसतं. भाच्याच्या गाठीवरचं हाड आधीच कागदासारखं झालेलं, ते त्यानं पहिल्या झटक्यात पुसून टाकलं. मी म्हटलं, "बाळ, तिथं हाड आहे, मी बोटानं दाबून बघितलंय." त्यानं कानातलं काढलं आणि मग आमची गट्टी जमली.

दुसरी गंमत दातांची. भाच्याच्या दोन दाढांत चांदी भरलेली. धातू असला की सीटीत चारी बाजूंना पांढरे फटकारे उठतात, दिवाळीतल्या भुईचक्रासारखे. ते तसेच छापले तर दाढांना बाभळीचे काटे फुटतात. पोरगा माउस फिरवून काटे पुसत होता आणि पुसता पुसता दाढेचा माथाच गुळगुळीत करत होता. हाडाला चालेल ते दाताला चालत नाही. दातात केस अडकला तर जिभेला दोरखंड वाटतो. मी मिरजेला परत आलो, भाच्याच्या दोन्ही जबड्यांचं माप घ्यायला लावलं, डेंटल स्टोनमध्ये साचे ओतले आणि ते घेऊन एसटीनं पुन्हा पुण्याला. पोरानं साचे स्कॅन केले आणि सीटीतल्या हाडावर माझ्या साच्यातले दात चढवले. हे काम मोठ्या ठिकाणी असंच करतात असं त्यानं नंतर कबूल केलं. आमच्या केसमध्ये "वेळ नव्हता".

मग खरी अक्कल लागते ती पुढं. गाठ असलेला जबडा जसाच्या तसा छापला आणि त्यावर टायटॅनियमची पट्टी वाकवली, तर पट्टीलाही गाठीचा फुगवटा येणार. माणूस बरा होऊन गाल सुजलेलाच राहायचा. म्हणून उजवी, चांगली बाजू घ्यायची, आरशात धरल्यासारखी उलटी करायची आणि डावीकडे जोडायची. असे दोन जबडे छापले. एक आहे तसा, कुठं कापायचं ते ठरवायला. दुसरा असायला हवा होता तसा, पट्टीसाठी. ऐकायला हे सरळ आहे, पण ३६ वर्षांत मी एकाही माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या बघितलेल्या नाहीत. नुसती आरशातली बाजू चिकटवली तर सांध्याचा गोळा त्याच्या खोबणीत बसत नाही, आतबाहेर होतो. मॅडम आणि तो पोरगा दोन संध्याकाळी त्यावर बसले होते, अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे. बटण दाबलं आणि जबडा आला, असं बातमीत वाचून वाटतं. बटण दाबण्यापर्यंत चार दिवस गेले होते. छापायला एक रात्र.

सकाळी जबडे हातात आले तेव्हा अजून किंचित कोमट होते. अंगावर बारीक रेघा, नखानं ओढलं की खर्रकन आवाज. मी खिशातून व्हर्निअर काढला. पोरगा हसला, पण मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं: ९६.१. कॉम्प्युटरवर ९६.४. तीन दशांश मिलिमीटर. कवळीत मी एवढ्यावर माल परत पाठवला असता, हाडाला चालतं. पण मोजलं पाहिजे. न मोजता दिलेलं मॉडेल म्हणजे नुसतं खेळणं.

आक्का, म्हणजे भाच्याची आई, आधी हात लावायला तयार नव्हती. "जित्या माणसाचं हाड हातात घेऊ नये," म्हणून दाराशी उभी राहिली. तोपर्यंत तिला सगळ्यांनी सगळं समजावलं होतं. मी, मॅडम, त्यांचे ज्युनिअर. ती मान डोलवायची आणि रात्री मला विचारायची, "नुसती गोळ्यांनी नाही का जायची?" भाच्यानं स्वतः तो गाठीवाला जबडा उचलला, आपल्या गालाशी धरला आणि म्हणाला, "आई, बघ की. ह्यो मीच." मग तिनं एक बोट पुढं केलं. फुगवट्यावरून फिरवलं, परत उजव्या बाजूवरून फिरवलं, परत डावीकडं. "एवढं?" म्हणाली. बस, एवढंच. त्यानंतर गोळ्यांचा विषय निघाला नाही. संमतीपत्रावर सही तिनं केली नाही, भाच्यानं केली, पण खरी संमती त्या बोटानं दिली होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी पट्टी वाकवली. मला बसू दिलं, हे त्यांचे उपकार. टायटॅनियमची लांब पट्टी, सायकलच्या चेनसारखी भोकाभोकांची. दोन पकडी घेऊन एकेक भोक हनुवटीच्या गोलाईवर बसवत न्यायचं. आमच्या लॅबमध्ये तार वाकवायला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, तार एकदाच वाकव. उलटी वाकवलीस की ती तार मेली. टायटॅनियमचंही तेच. पुढं-मागं, पुढं-मागं केलं की आतून थकतं, आणि मग वर्ष-दीड वर्षानं भाकरी चावताना तुटतं. मॉडेल नसतं तर हेच काम उघड्या जखमेत, पेशंट बेशुद्ध असताना, लावून बघ-काढ-वाकव-लावून बघ असं करावं लागतं. आणि गाठीच्या फुगवट्यामुळं तिथं नीट लावूनही बघता येत नाही. मॅडमना त्या संध्याकाळी सव्वा तास लागला. मध्ये त्यांनी चहा घेतला. मला ती चहाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. थिएटरात चहा घेता येत नाही.

गेलेल्या हाडाच्या जागी पायातलं हाड बसवलं. पोटरीत दोन हाडं असतात. बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, अंगाचा फार थोडा भार उचलतं. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा तुकडा राखून मधलं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढता येतं आणि त्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जबड्यासाठी हे १९८९ पासून करतात. पण हे हाड असतं सरळ, उसाच्या कांड्यासारखं, आणि जबडा गोल. मग सुतार जसा चौकटीच्या कोपऱ्याला तिरका काप घेतो तसे काप घेऊन ते वळवावं लागतं. तिरकस कापाचा कोन चुकला की फट राहते, आणि फट राहिली की हाड जुळायला कुरकुर करतं. त्यासाठी त्या पोरानं दोन छोट्या खाचा असलेल्या पट्ट्या छापल्या होत्या, एक पायावर ठेवायची, एक जबड्यावर. करवत त्या खाचेतूनच चालायची. या पट्ट्या अंगाला लागणार म्हणून त्या वेगळ्या, निर्जंतुक करता येणाऱ्या रेझिनच्या. तर बातमीत लिहायचंच असेल तर या खाचांबद्दल लिहावं, असं माझं मत आहे. पण खाचेचा फोटो चांगला येत नाही.

मॉडेलमुळं किती वेळ वाचला ते मी सांगणार नाही. मॉडेलशिवाय ऑपरेशन केलेला दुसरा भाचा माझ्याकडे नाही. एवढं सांगतो, की टायटॅनियमची पट्टी पहिल्या खेपेला बसली असं मॅडमनी बाहेर आल्यावर मला आक्काच्याही आधी सांगितलं. भाच्याचा खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर आहे, कारण जबड्यातून जाणारी शीर हाडाबरोबर गेली. ते कुठलंही मॉडेल वाचवू शकलं नसतं. दीड महिना लंगडला. आता टेम्पो चालवतो. तोंड तीन बोटं उघडतं. डावीकडचे दात अजून नाहीत, तेवढ्यापुरती रिटायरमेंट मोडून मी त्याला एक छोटी प्लेट करून दिलीय.

आता तक्रार. मॉडेलचे साडेनऊ हजार रुपये घेतले. पट्टी सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये बसली, मॉडेल बसलं नाही, कारण काउंटरवरच्या मुलीच्या यादीत तो शब्दच नव्हता. आम्ही भरले, आमची ऐपत होती. पण शेजारच्या खाटेवर बार्शीकडचा एक शेतमजूर होता, त्याचं ऑपरेशन याहून मोठं होतं आणि त्याच्या नातेवाइकांनी ते साडेनऊ हजार वाचवले. मी प्लॅस्टिकचा हिशेब केला. दोन्ही जबडे मिळून दीडशे ग्रॅमच्या आत. किलोचं रीळ हजार-बाराशेला मिळतं. म्हणजे दोनशे रुपयांचासुद्धा माल नाही. उरलेले पैसे कशाचे? त्या पोराच्या चार दिवसांचे, आणि ते मी त्याला आनंदानं देईन. पण याचा अर्थ असा की सरकारी दवाखान्याला लागणार आहे ते मशीन नव्हे, तो पोरगा.

हे म्हणतो, कारण दुसऱ्या एका संस्थेत मी देणगीतून आलेला प्रिंटर बघितलाय. उद्घाटनाची फीत अजून त्याच्या मुठीला होती आणि वर प्लॅस्टिकचं आवरण. चालवणारं कुणी नाही, पद मंजूर नाही. माझ्या नातीच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅबमध्ये प्रिंटर आहे, तो मात्र रोज चालतो. मुलं किचेन छापतात. इंजिनिअरिंग कॉलेजांत तर असे प्रिंटर कितीतरी आहेत. मशीनचं दुर्भिक्ष नाही. सॉफ्टवेअरचंही कारण सांगू नये. ब्राझीलमध्ये कॅम्पिनास शहरातल्या सरकारी संशोधन केंद्रानं २००१ पासून नेमकं याच कामाचं सॉफ्टवेअर तयार केलं, तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीच, आणि ते जगाला फुकट देऊन टाकलं. इनव्हेसेलियस त्याचं नाव. त्या पोरानं माझ्या लॅपटॉपवर घालून दिलंय. भाच्याचा जबडा मी आता मिरजेत बसून गोल फिरवतो.

बातमीत "हे परदेशी तंत्र" असंही एक वाक्य आहे. मशीन परदेशी, मान्य. पण कापण्याआधी आकार करून बघायचा, हे पुण्याला नवीन नाही. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिगत छापून आली. इंग्रज फौजेकडे गाडी हाकायचा, टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी नाक कापलं. पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं ते परत करून दिलं. कसं, तर आधी नाकाच्या थोट्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट केला, कपाळावर ठेवला, भोवतीनं रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. मी आयुष्यभर मेणात काम केलंय. हे वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला. मेण उलगडून सपाट करायची युक्ती ज्याला सुचली त्याला मापाचं मर्म कळलं होतं. बघणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं आपल्याला मिळतात. त्या माणसाची फक्त जात छापली, नाव नाही. आपल्या बातमीतही सर्जनचं नाव आहे, हॉस्पिटलच्या विश्वस्तांचं आहे, मॉडेल तयार करणाऱ्याचं नाही.

एक उलट बाजूही लिहितो, नाहीतर मी मॉडेलचा एजंट वाटेन. प्रत्येक जबड्याला मॉडेल लागत नाही. मोटारसायकलवरून पडून जबडा साधा एका जागी मोडला, दात शाबूत असले, तर वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांत नीट बसवले की हाड आपोआप जागेवर येतं. दात हेच मॉडेल. तिथं कुणी हजारांचं मॉडेल बिलात लावत असेल तर घरच्यांनी जरूर विचारावं, कशासाठी. गाठ काढून मोठा तुकडा जाणार असेल, चेहऱ्याचा चुरा झाला असेल, डोळ्याची खोबण फुटली असेल, जन्मतः एक बाजू लहान असेल किंवा सांधा जखडून तोंडच उघडत नसेल, तिथं मॉडेलचे पैसे सोन्याच्या मोलाचे.

मागणी एवढीच आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत मॉडेलचं काम करणारा एकेक पगारी माणूस असावा, कंत्राटी नव्हे. डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्यात हे शिकवावं. साचा, बाईट (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते), दाताचा माथा त्या मुलांना आधीच कळतो, कॉम्प्युटर चार महिन्यांत येईल. जिल्ह्याच्या दवाखान्यातून सीटीचा डेटा इंटरनेटवरून जाईल आणि जबडा एसटीच्या पार्सलनं परत येईल. आणि योजनेच्या यादीत "मॉडेल" हा एक शब्द घालावा, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला तो सापडेल.

माझ्या टेबलावरचा जबडा मॅडमनी विद्यार्थ्यांना शिकवायला मागितलाय. भाचा द्यायला तयार आहे. आक्का म्हणते, गाठीवाला द्या, चांगला राहू दे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त डेंटल मेकॅनिक, मिरज

ता. क.: नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. भाच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे.